ऊस तुटल्यावरच ड्रोन काढा

पंचगंगेकाठच्या रानात पुराचं पाणी कुठून शिरतं आणि कुठं तुंबतं, याचा नकाशा करायचा असेल तर ऊस उभा असताना ड्रोन बॅगेतनं काढूच नका. कॅमेऱ्याला दिसतो तो शेंडा, जमीन नाही. त्यात वाऱ्यानं पानं हलतात, म्हणजे एका फोटोतला ठिपका दुसऱ्या फोटोत, फोटो जोडून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडत नाही. लायडारचा, म्हणजे लेसरनं अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, किरण पानांच्या फटीतनं खाली जातो, पण दाट उसात तोही अडखळतो. आणि त्याचं भाडं ऐकून रानमालक चहासुद्धा विचारायचा नाही. तोड होऊन पाचट हललं की जा.

आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडून जागा बघा. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते, ८ किलोमीटरच्या आत तर कुठल्याही उंचीला. नकाशावरच्या बाकी हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. आपल्या कामाला तशीही ६० मीटर उंची पुरते. माझ्या २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्यावरून एक पिक्सेल दीडएक सेंटीमीटरचा पडतो. फोटो पुढंमागं ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के एकमेकांवर चढू द्या. वेळ दुपारी अकरा ते दोन, सावल्या आखूड असतात. घारी घिरट्या घालत असतील तर थांबा, त्या खरंच अंगावर येतात.

खरं काम जमिनीवर आहे. फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, फोटोत दिसतील अशा मीटरभर लांबीच्या फुल्या मारायच्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर आरटीके जीपीएसचं (सेंटीमीटरपर्यंत जागा आणि उंची सांगणाऱ्या जीपीएसचं) रीडिंग घ्यायचं. त्यावरच सॉफ्टवेअर नकाशा जागेवर बसवतं. उसाला पाणी सोडायची पाळी कधी आहे ते आधी विचारा, नाहीतर फुल्या वाहून जातात. बांधावर दगड असेल तर सरळ ऑइलपेंट मारा.

फुल्या किती? चार कोपऱ्यांत चार मारल्या की झालं, असं मीही समजायचो. चिखलीकडच्या वीसेक एकरांचा नकाशा तसाच केला, रंग भरून प्रिंट काढली आणि ऐटीत बांधावर पसरली. मालक काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भावा, हितं तू उंचवटा दाखवलायस. पर पाणी तर हितंच आठ दिवस हलत न्हाई." काका बरोबर होते. नुसते सरळ खाली बघून, समांतर रांगांत फोटो घेतले की सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या भिंगाचा बाक चुकीचा धरतं आणि सपाट रान मधोमध फुगतं. कोपरे पक्के, मध्य वर. तिथं जाऊन रीडिंग घेतलं तर चाळीस सेंटीमीटरचा फरक! नदीकाठच्या रानात तेवढ्यात पाण्याची दिशाच उलटी होते.

तेव्हापासून मध्यात एक-दोन फुल्या मारतोच. एक फेरी आडवी, कॅमेरा थोडा तिरका करून घेतो. आणि तीन फुल्यांची रीडिंगं सॉफ्टवेअरला देतच नाही, लपवून ठेवतो. नकाशा झाला की त्यांची उंची ताडून बघतो. पाच-सात सेंटीमीटरच्या आत जुळली तरच प्रिंट.

सॉफ्टवेअर म्हणून फोटो जोडायला वेबओडीएम आणि नकाशा काढायला क्यूजीआयएस फुकट आहेत, पुरतात. त्यात यूटीएम या नकाशाच्या मोजपद्धतीचा झोन ४३ उत्तर निवडा. जीपीएसची उंची मात्र समुद्रसपाटीची नसते, आपल्या भागात दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. जिऑइडची, म्हणजे हा फरक काढून टाकणारी, दुरुस्ती लावल्याशिवाय ती दुसऱ्या कुठल्या नकाशाशी जोडू नका.

पूररेषेबद्दल एक. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांला आलं की इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोराटोरांनाही पाठ असतं. पण ते बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरचे फूट आहेत, तुमच्या रानाची उंची नव्हे. म्हणून गावात जाऊन २०१९ च्या महापुराच्या पाण्याची खूण शोधा. त्या काकांच्याच घरी काकूंनी देवळीखालचा भिंतीवरचा मातकट पट्टा दाखवला, "हितंवर आलं हुतं." पट्ट्याची उंची टेपनं उंबऱ्यापासून मोजली, उंबऱ्यासमोर आरटीके लावला आणि तीच पातळी नकाशावर ओढली. रानातली मोटारीची पेटी त्या रेषेखाली सव्वा मीटर निघाली. काकांनी पावसाळ्याआधी ती वरच्या बांधावर नेली.