मनाली–लेह बाईकवर: बॅगेत काय, घरी काय

मनालीपर्यंत सगळं विकत मिळतं, थर्मल, हातमोजे, गमबूट, पेट्रोलचे कॅनसुद्धा. त्यामुळे सामान भरायचं ते वाटेतल्या टांडी गावाच्या पुढच्या पट्ट्यासाठी. तिथल्या पंपावरची पाटी प्रसिद्धच आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. वस्तू त्या पट्ट्यात लागणार असेल आणि तिथे मिळणार नसेल, तरच ती बॅगेत.

आधी पेट्रोल. 13 लिटरची टाकी आणि 30चं ॲव्हरेज धरलं तर कागदावर पुरतं. पण वाटेतली तांगलांग ला ही खिंड 17,000 फुटांच्या वर आहे. तिथवर लोड घेऊन खालच्या गिअरमध्ये चढताना कागदाचा भरवसा नको. पाच लिटरचा कॅन हवाच, आणि तो बाहेर बांधलेला, कपड्यांपासून लांब.

स्पेअरमध्ये क्लच केबल सगळ्यात महत्त्वाची. ती बॅगेत ठेवूच नका. निघण्याआधी मेकॅनिककडून जुन्या केबलला लागूनच नवी ओढून घ्या, टोकांना टेप गुंडाळा. जुनी तुटली की दोन टोकं बदलायची, बस. गार वाऱ्यात, बधिर बोटांनी टाकी उचकटत बसायची वेळ येत नाही. शिवाय ॲक्सिलरेटर केबल, प्लग, चेन लिंक, फ्यूज, पंक्चर किट, हवेचा पंप. ट्यूबचे टायर असतील तर दोन्ही ट्यूब आणि टायर काढायची टॉमी. गाडी रेल्वेने पाठवत असाल तर आरसे काढून स्वतःजवळ ठेवा आणि ते बसवायचा पाना विसरू नका. टाकी तर पार्सलला रिकामीच द्यावी लागते.

कपडे? दोन जोड. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. बॅगेच्या रेनकव्हरमध्ये पाणी साठतं, म्हणून आतून कचऱ्याची जाड काळी पिशवी लावा. दुपारी बर्फ वितळून नाले चढतात, तेव्हा गमबूट आणि कोरड्या मोज्यांचे जादा जोड कामी येतात.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ऑक्सिजनचे छोटे कॅन जागा खातात. त्यापेक्षा वाटेतल्या जिस्पाला एक मुक्काम वाढवा, म्हणजे शरीर उंचीला सरावतं. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी कागदावर हवेत, मोबाईलवर विसंबू नका. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड असू द्या. रोख सुट्या नोटांत.

खाऊ म्हणून चिक्की, खजूर. मॅगी नेऊ नका, वाटेत तीच मिळणार आहे. चिवड्याची सीलबंद पाकिटं उंचीवर टम्म फुगतात आणि बॅगेत फुटतात. मग आठवडाभर मोज्यांतून शेंगदाणे निघतात.

सगळं बांधून झालं की ताम्हिणीपर्यंत एक चक्कर मारा. सामान बांधलेल्या बंजी दोऱ्या सैल होतात का, हँडल हलकं लागतं का, ते बघा. सायलेन्सरच्या बाजूची सॅडल बॅग हात लावून तपासा. गरम लागली तर तिथे पत्र्याची जाळी बसवून घ्या.