बेड रनर कशासाठी असतो, आणि होमस्टेसाठी तो कसा शिवावा

हॉटेलच्या पलंगावर पायथ्याशी आडवी टाकलेली रंगीत पट्टी, म्हणजेच बेड रनर, शोभा वाढवते, पण तिचं खरं काम आहे खालची पांढरी दुलई वाचवणं. खोलीत आलेला माणूस आधी पायथ्याशीच टेकतो, तिथेच बॅग उघडतो, बूट न काढता जरा आडवा होतो. १९९९ साली वेस्टिन या हॉटेल साखळीनं पूर्ण पांढरा ‘हेवनली बेड’ आणला आणि पुढे पांढऱ्या बिछान्याची पद्धत झपाट्यानं पसरली. पांढऱ्यावर बॅगेच्या चाकाचा एक काळा ओरखडा उठला तरी दुलईची अख्खी खोळ धुवायला जाते. रनर मळला तर एक पट्टी धुतली की भागतं.

म्हणून कोकणात किंवा गोव्यात होमस्टे चालवणाऱ्यांनी रनर घेताना आधी तो धुता येतो का ते बघावं, नक्षी नंतर. जरीकाम, टिकल्या, मणी नकोतच: बॅगेच्या चेनमध्ये अडकून धागे निघतात.

७८ बाय ७२ इंचांच्या किंग गादीसाठी तयार रनर १०२ इंच लांब ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना १५ इंच लोंबेल. रुंदी २० इंच. यापेक्षा अरुंद पट्टीवर बॅग मावत नाही. चारी बाजूंनी एकेक इंच शिलाईसाठी धरून १०४ बाय २२ इंच कापा. ५४ इंच पन्ह्याचं सोफ्याचं सुती कापड ३ मीटर घेतलं तर दोन रनर निघतात. अस्तर जाड सुती ड्रिलचं लावा. सॅटिनचं अस्तर दुलईवरून घसरतं आणि पट्टी सतत तिरकी होते.

कापण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. इथे आळस केला तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि कडा चुणतात. मग कितीही इस्त्री करा, पट्टी सपाट बसत नाही. रंगाची परीक्षाही याच वेळी घ्या. ओला पांढरा रुमाल कापडावर वीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड सोडून द्या, नाहीतर पावसाळ्यात ओल्या टॉवेलखालून तोच रंग दुलईवर उतरेल.

दोन्ही सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून टीप मारा, ६ इंच जागा उघडी सोडा, कोपरे तिरके छाटून उलटवा आणि कडेनं पाव इंचावर वरून टीप घाला. अंथरताना दुलईच्या पायथ्याकडच्या कडेपासून ६ इंच सोडा.

दुलईची खोळ प्रत्येक पाहुण्यानंतर बदलतात, रनर मात्र बऱ्याच ठिकाणी बदलत नाहीत. त्यामुळे झोपताना तो काढून, घडी करून स्टुलावर ठेवायचा असतो. तोंडापर्यंत ओढायची ती गोष्ट नाही, हे पाहुण्यांनाही जरूर सांगा. लहान होमस्टेत मात्र प्रत्येक पाहुण्यानंतर धुणंच बरं. दर पलंगामागे दोन रनर पुरतात. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा तीन हवेत.

डागांवर ब्लीच टाकू नका, रंग उडून फिके चट्टे पडतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, स्वच्छ खळबळून तेवढा भाग उन्हात धरा, डाग विरत जातो. एरवी रनर सावलीतच वाळवा.