गाडीच्या स्टिरिओला प्लेअर जोडताना या चुका टाळा

गाडीत गाणी लावायची म्हणजे वायरचं एक टोक प्लेअरमध्ये खुपसायचं, दुसरं स्टिरिओच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं गाणं आत घ्यायच्या भोकात, की झालं काम, असंच सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा होतंही तसं. पण जेव्हा होत नाही तेव्हा लोक जे काय करत सुटतात ते बघून जीव तुटतो, कारण दोष असतो एका पिनेत आणि बदलले जातात चारही स्पीकर. ओळखीतल्यांच्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डखाली वाकून वाकून मला आता तक्रार ऐकली की साधारण कळतं काय झालं असणार, आणि तक्रारी फिरून फिरून त्याच असतात.

चार्जर आणि ऑक्स एकदम लावणं

गाणं चालू असताना मागे बारीक कुंईंऽऽ असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, पाय काढला की उतरतो. हा आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. लोकांना वाटतं स्टिरिओ गेला किंवा वायर स्वस्तातली आहे, मग महागातली सोनेरी पिनांची वायर आणतात आणि तरी आवाज तसाच.

होतं काय, की प्लेअर लायटर सॉकेटच्या चार्जरवर आहे आणि तोच प्लेअर ऑक्सच्या वायरने स्टिरिओलाही जोडलाय. म्हणजे प्लेअरच्या ग्राउंडला, करंटच्या परतीच्या तारेला, गाडीच्या ग्राउंडकडे म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या बॉडीकडे जायला दोन रस्ते झाले, एक चार्जरमधून आणि एक ऑक्सच्या वायरमधून. गाडीच्या बॉडीत सगळीकडे ग्राउंड अगदी एकसारखं नसतं, थोडा थोडा फरक असतो, त्यामुळे या दोन रस्त्यांच्या गोल चकरीत बारीकसा करंट फिरत राहतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा जनरेटर, साधारण १४ व्होल्ट देत असतो पण ते अगदी सपाट नसतात, त्यावर लहरी असतात, आणि इंजिन जोरात फिरलं की त्या लहरीही जलद होतात. तीच लहर ऑक्सच्या वायरमधून गाण्यात मिसळते, म्हणून शिट्टी इंजिनबरोबर वरखाली होते.

तपासायला दोन सेकंद लागतात. इंजिन चालू ठेवून, गाणं पॉज करून, चार्जर उपसायचा. शिट्टी गेली तर ग्राउंडचीच चकरी आहे, बाकी कशाला हात लावू नका. नाही गेली तर मात्र ऑक्सची वायर काढून बघा, स्टिरिओच्या मागचं ग्राउंडचं कनेक्शन ढिलं असू शकतं किंवा बॉडीवर जिथे बसवलंय तिथे रंग किंवा गंज असतो.

माझा स्वतःचा उपाय साधा आहे, निघायच्या आधी प्लेअर पूर्ण चार्ज करायचा आणि लांबच्या प्रवासात पॉवर बँक वापरायची, पण ती पॉवर बँक परत लायटरला लावायची नाही, नाहीतर चकरी परत सुरू. ज्यांना चार्जर लागतोच त्यांनी ग्राउंड लूप आयसोलेटर घ्यावा. छोटी डबी असते, आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर, ती ऑक्सच्या वायरमध्ये मधोमध लागते आणि गाणं चुंबकातून पुढे जातं, ग्राउंड जोडलं जात नाही. साध्यातल्या डबीने बेस थोडा पातळ होतो, हे माझ्या कानाला जाणवतं, म्हणून मी ती अगदी गरज असेल तरच लावतो.

आणि एक शॉर्टकट फिरतोय तो प्लीज करू नका. ऑक्सच्या वायरमधली ग्राउंडची तार कापून टाकायची, शिट्टी बंद. हो, कधी कधी बंद होतेही. पण मग ते सगळं चार्जरच्या भरवशावर चालतं, आणि त्याचा पुढचा भाग खालच्या गोष्टीत आहे.

गाणारा गायब आणि फक्त वाद्यं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते कारण ती ओळखू येत नाही. माझ्या मावसभावाने नवीनच मोबाईल घेतला होता आणि तोच प्लेअर म्हणून गाडीत लावायचा. मला म्हणाला, "दादा, स्पीकर उडालेत वाटतं, गाणं लांबून विहिरीतून आल्यासारखं येतंय." एका दुकानात दाखवलं होतं, तिथे पुढच्या दोन्ही दारांचे स्पीकर बदलून दिले, फरक शून्य. मग म्हणे मागचे पण खराब असतील, आणि तेही बदलायला निघाला होता.

मी बसलो गाडीत. गाणं लागलं, व्हायोलिन येतायत, एका बाजूचा कोरस येतोय, घुमणारा इको येतोय, आणि गाणारी बाई नाहीच. तिची नुसती सावली. बेससुद्धा जवळजवळ गेलेला. मी चार्जरची वायर त्याच्या मोबाईलला लावली आणि बाई एकदम समोर येऊन गायला लागली, सोबत कुंईंऽऽ शिट्टी. चार्जर काढला, शिट्टी गेली, बाईपण गेली. तो म्हणाला, "हां, हे असंच होतं, म्हणून मी कधी लावतो कधी काढतो." महिनाभर तो माणूस शिट्टी की गायिका यातलं एक निवडत गाडी चालवत होता!

वायर काढून उजेडात धरली. पिनेवर काळ्या रिंगा मोजल्या, तीन. तीन काळ्या रिंगा म्हणजे चार भागांची पिन, जी माईकवाल्या हेडफोनला असते: डावा, उजवा, ग्राउंड, माईक. गाडीच्या ऑक्सला पाहिजे दोन काळ्या रिंगांची, तीन भागांची पिन, डावा, उजवा आणि ग्राउंड. दोन्ही ३.५ मिमीच्याच, दोन्ही मस्त टक् करून बसतात, म्हणून शंका येत नाही. पण स्टिरिओच्या जॅकमध्ये ग्राउंडचा पत्रा जिथे टेकतो तिथे या पिनेचा माईकचा भाग आला होता. म्हणजे मोबाईल आणि स्टिरिओ यांच्यात ग्राउंड जोडलंच गेलं नव्हतं.

ग्राउंड नसलं की डावा आणि उजवा सिग्नल एकमेकांमधूनच परतीचा रस्ता शोधतात, आणि स्पीकरला पोचतो तो दोघांमधला फरक. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तोच उडतो. बेस आणि ड्रमचंही तेच. उरतं ते कडेकडेचं. चार्जर लावला की चार्जरच्या ग्राउंडमधून मोबाईलला परतीचा रस्ता मिळतो, म्हणून गायिका परत, आणि तो रस्ता घाणेरडा म्हणून शिट्टी. वर म्हटलं ना तार कापू नका, ते यासाठी, कापलेल्या तारेचं अगदी हेच होतं.

माझ्या बॅगेत असलेली दोन रिंगांची साधी वायर लावली, चार्जर न लावता सगळं स्वच्छ. काढलेले जुने स्पीकर त्याच्या डिकीतच होते, चारचौघांसारखे ठणठणीत.

म्हणून माझी सवय सांगतो. वायर घेताना आधी काळ्या रिंगा मोजायच्या, रंग आणि जाडी नंतर बघायची. मोबाईलला जाड कव्हर असेल तर पिन पूर्ण आत जाते का ते नखाने चाचपायचं, मिलीमीटरभर बाहेर राहिली तरी असलेच खेळ होतात. मोबाईलच्या जॅकमध्ये खिशातला कापसासारखा कचरा दाबून बसलेला असतो तो लाकडी टूथपिकने हलकेच काढायचा, लोखंडी टाचणी घालायची नाही. आणि स्पीकर बदलायच्या आधी स्टिरिओचा स्वतःचा रेडिओ लावून ऐकायचा. रेडिओ नीट वाजतोय म्हणजे स्पीकर नीट आहेत, हे इतकं सरळ आहे तरी कोणी करत नाही, सगळ्यांना घाई.

स्पीकरच्या वायरींना प्लेअर जोडणं

जुन्या स्टिरिओला ऑक्स नसतो, मग कोणीतरी डोकं चालवतो की दारातल्या स्पीकरच्या वायरी सोलून तिथेच हेडफोनची पिन जोडू, आवाज तर शेवटी तिथूनच येतो ना. नका. प्लेअर मरेल, आणि कदाचित स्टिरिओही. आजकालच्या जवळजवळ सगळ्या कार स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे ग्राउंड नसतं, स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायर चालवत असतो आणि दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मे व्होल्ट कायम उभे असतात. हेडफोनच्या इवल्या आउटपुटने ते सोसायचे कसे?

स्टिरिओच्या मागे हात घालायचाच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि त्याच्याही आधी स्टिरिओला कोड लागतो का ते बघून ठेवा, काही कंपनी फिटेड सेट वीज गेली की कोड मागतात. बाहेरून घेतलेल्या सेटना सहसा पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची असते, लाल किल्लीवरची आणि काळी ग्राउंडची. पिवळी आणि लाल उलट लागली की गाडी बंद केल्यावर सेट सगळं सेटिंग विसरतो आणि वर बॅटरीही उतरू शकते. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असू शकतात, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर लावून व्होल्ट मोजा.

व्हॉल्यूम उलटा ठेवणं

प्लेअर अगदी हळू आणि स्टिरिओ फुल, असं केलं की खरखरही तेवढीच मोठी होते. शिवाय नंतर कोणी रेडिओ लावला की कानठळ्या बसतात. प्लेअर शंभर टक्के ठेवला तर काहींचा आवाज फाटतो. मी आधी प्लेअर ८० ते ९० टक्क्यांवर नेतो, सगळ्यात भरगच्च गाणं लावतो, फाटत नाही ना बघतो आणि मग त्याला हात लावत नाही, पुढचं सगळं स्टिरिओच्या बटणावर. जुन्या आयपॉडचा खालचा ३० पिनांचा रुंद कनेक्टर असेल तर त्यातून लाइन आउट, म्हणजे कायम एकाच पातळीचा सिग्नल, मिळतो, त्यावर प्लेअरच्या व्हॉल्यूमचा परिणामच होत नाही, मला तो अजूनही सगळ्यात आवडतो.

प्लेअरचा इक्वलायझर बंद. बेस वाढवायचा तर एकाच ठिकाणी, स्टिरिओवर. दोन्हीकडे बेस चढवून मग दारं थरथरतात म्हणून तक्रार करणाऱ्यांना काय सांगायचं!

पेन ड्राइव्ह आणि यूएसबी

स्टिरिओ पेन ड्राइव्ह वाचत नाही म्हणाला की बहुतेक वेळा ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (फाइली साठवायची पद्धत) असतो आणि स्टिरिओला फक्त फॅट३२ कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला बरीच वर्षं फॅट३२ चा पर्यायच दिसत नव्हता, म्हणून मी गाडीसाठी १६ किंवा ३२ जीबीचाच वेगळा ठेवतो. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, आधी कॉपी काढा.

गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात? बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे लावत नाहीत, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. नावांपुढे ०१, ०२ लिहूनही फरक पडत नसेल तर ड्राइव्ह रिकामा करून क्रमाने परत कॉपी करा, कंटाळवाणं आहे पण चालतं.

प्लेअर यूएसबीने जोडला आणि फक्त चार्ज होतोय, तर आधी वायर बदला. काही वायरींत फक्त वीजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. मग गाडीतलं दुसरं यूएसबी सॉकेट बघा, एक गाण्यांचं आणि एक नुसतं चार्जिंगचं असं असतं.

उरलेलं, पटपट

ब्लूटूथवर फोन येतो पण गाणं येत नाही: कॉल आणि गाणी यांची ब्लूटूथमधली प्रोफाइल वेगवेगळी असतात, मोबाईलच्या सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावापुढे मीडिया ऑडिओ चालू करा. तो पर्यायच दिसत नसेल तर स्टिरिओ फक्त कॉलवाला असू शकतो.

एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचं गाणं गाडीच्या रेडिओवर सोडणारी डबी, मला मनापासून आवडत नाही, एफएममधून १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही आणि लांबच्या प्रवासात दर थोड्या अंतराने कुठलं तरी स्टेशन अंगावर येतं. वापरणारच असाल तर आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओवर नुसती स्वच्छ सूं ऐकू येणारी जागा शोधा, तिच्या दोन्ही बाजूंची शेजारची फ्रिक्वेन्सीही रिकामी पाहिजे.

टाइप सी ते ३.५ मिमीचं बोंडूक (ॲडॉप्टर) एका मोबाईलवर चालतं आणि दुसऱ्यावर मुकं, कारण काहींच्या आत डॅकची, म्हणजे डिजिटल गाण्याचा वायरमधून जाणारा आवाजाचा सिग्नल करणारी चिप असते, काहींत नुसत्या तारा असतात. चिपवालं घ्या.

कॅसेट ॲडॉप्टर, म्हणजे टेपमध्ये घालायची आणि वायरने प्लेअरला जोडायची कॅसेटच्या आकाराची डबी, सारखा बाजू बदलत असेल तर तो उलटा करून घाला, किंवा टेपचा ऑटो रिव्हर्स बंद होत असेल तर बंद करा.

ऑक्स लावला आणि काहीच नाही, तर सोर्स ऑक्सवर केलाय का? काही सेटमध्ये ऑक्स आधी मेन्यूत जाऊन चालू करावा लागतो, तोपर्यंत सोर्सच्या यादीत त्याचं नावच येत नाही.

एकाच बाजूने आवाज येत असेल तर बॅलन्स बघा, मग वायर उलटी करून म्हणजे टोकं बदलून लावा, मग पिनेजवळ वायर हलवून बघा. तिथेच तुटते ती, हँडब्रेकमध्ये चेंगरून नाहीतर गिअरभोवती वेढे बसून. मी वायर गिअरच्या बाजूने न नेता कन्सोलच्या कडेने नेतो आणि प्लेअरकडच्या टोकाला काटकोनातली पिन वापरतो, माझी सध्याची वायर चौथं वर्ष चालू आहे.

आणि गाडी उन्हात लावून जाताना प्लेअर डॅशबोर्डवर सोडू नका, आतली लिथियमची बॅटरी फुगते आणि मग झाकणच वर येतं.