छोट्या हत्तीत डर्ट बाईक बांधताना

नाशिकहून कसारा घाट उतरायचा असेल तर नायलॉनच्या दोरीवर विसंबू नका. ती ताणली जाते आणि बाईक डुलू लागते. किमान 1 इंच रुंदीचे चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळले की तिथेच अडकून राहणारे) घ्या.

पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला काटकोनात टेकवा, साइड स्टँड वर घ्या. पुढचे दोन पट्टे हँडलला नकोत, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढच्या शॉकच्या दोन्ही नळ्या धरणारा भाग) कापडी लूप घालून अडकवा आणि पुढे व बाहेर, साधारण 45 अंशांत, हौद्याच्या कड्यांकडे ओढा. ब्रेकचा होज किंवा क्लचची केबल पट्ट्याखाली दबत नाही ना, बोटाने चाचपा. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळा, नाहीतर गाडी कलते.

पट्टे आवळताना फोर्क, म्हणजे पुढचे दोन शॉक, निम्म्यापर्यंतच दाबा. फार दाबला तर त्यातलं तेल अडवणाऱ्या सीलवर ताण येतो. कमी दाबला तर खड्ड्यात फोर्क बसतो, पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो. गाडी पडते ती बहुतेक याच कारणाने, म्हणून हुकाचं तोंड चिकटपट्टीने बंद करा.

मागचे दोन पट्टे चाक सरकू नये एवढेच घट्ट. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. फाळका लागत नसेल तर त्यालाही साखळी हवी. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, घाट लागायच्या आधी तर नक्कीच.