पायथनमधील असर्ट तपासण्या बंद करताना
लासलगावच्या कांदा लिलावाच्या नोंदी ठेवणारा पायथन प्रोग्राम नाशिकच्या सर्व्हरवर चढवताना असर्ट तपासण्या (अट खोटी ठरल्यास त्रुटी देणाऱ्या ओळी) बंद करायच्या असतील, तर कोडला हात लावण्याची गरज नाही. आज्ञेत फाइलच्या नावाआधी वजाचिन्ह व त्याला जोडून कॅपिटल ओ लिहावा. नावानंतर लिहिल्यास तो पर्याय पायथनला न मिळता प्रोग्रामच्या पदरात पडतो.

मात्र त्याआधी प्रत्येक असर्ट ओळ वाचून काढावी. ‘वजन शून्याहून अधिक’ ही अट केवळ असर्टवर विसंबून असेल, तर ती बाइटकोडमध्ये (पायथन कोडवरून बनवून प्रत्यक्ष चालवतो त्या रूपात) उरतच नाही आणि उणे क्विंटलही बिनबोभाट नोंदले जातात. तिथे इफ लावून व्हॅल्यू एरर ही चुकीच्या मूल्याची त्रुटीच द्यावी. असर्टच्या आतच यादीतून नोंद काढणारे पॉप लिहिलेले असेल (लिहू नये, पण लोक लिहितात), तर तेही गायब होते.