खेळातला देव आणि डीएमच्या नेहमीच्या घोडचुका: या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात नव्या डीएमचं (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन किंवा बैठका चालणारी गोष्ट, मोडलं की दोष लढायांना दिला जातो किंवा नियमांना. पुष्कळदा ते मोडतं देवांमुळे. टेंबलाई रुसली म्हणून ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या टेकडीवर जाते, हे कोल्हापूरच्या पोरांना लहानपणापासून ठाऊक असतं. देवांना मान लागतो, त्यांच्यात रुसवे असतात, त्यांना भेटायला जावं लागतं. तीच पोरं टेबलावर बसली की त्यांचा देव मात्र हाक मारताच औषध देणारं दुकान होतो. हे बघून वाईट वाटतं, कारण चूक टाळणं अवघड नाही.

देव हाकेला लगेच धावतो

असं मोडलेलं एक कॅम्पेन बघा. पाच खेळाडू, त्यांची पात्रं तिसऱ्या लेव्हलची, एक क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारं भक्त पात्र) नदीच्या देवीची. पहिल्याच लढाईत पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) हरायला लागली आणि क्लेरिक म्हणाली, "देवीला हाक मारते." त्या लेव्हलला नियमात तसं काही नव्हतं, तरी डीएमनं सूट दिली: पर्सेंटाइल (एक ते शंभर आकडा देणारे फासे) टाक, दहा किंवा कमी आलं तर देवी येईल. नेमकं सात आलं. देवी आली, शत्रू वाहून गेले, टेबल खूश.

पुढच्या सेशनपासून सगळेच हाका मारायला लागले. दहा टक्के म्हणजे क्वचित, असं डीएमला वाटत होतं. पण एका सेशनमध्ये सहा हाका झाल्या तर एकदा तरी देवी येण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के होते आणि बारा हाकांना सुमारे ७२. सहाव्या सेशनपर्यंत कुणी शिधा घेईना, दोर घेईना, माघार तर नाहीच. शेवटी पुलावरच्या लढाईत डीएमनं ठरवून देवी येऊ दिली नाही आणि क्लेरिक मेली. खेळाडूंनी विचारलं, "मग आधी का येत होती?" प्रश्न रास्त होता. उत्तर डीएमनं कधी ठरवलंच नव्हतं. कॅम्पेन तिथंच संपलं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये देवाला हाक मारायची ही वाट आहे, पण तिला कुंपण आहे. २०१४ च्या नियमांत क्लेरिकला दहाव्या लेव्हलला देवाकडे थेट मदत मागता येते. पर्सेंटाइल रोल स्वतःच्या लेव्हलइतका किंवा कमी यावा लागतो. फसला तर लाँग रेस्टशिवाय (पात्रांची मोठी विश्रांती) पुन्हा मागता येत नाही, साधला तर सात दिवस थांबायचं. २०२४ च्या नियमांत दहाव्या लेव्हलच्या मदतीतून तो रोल गेला आणि पाचव्या लेव्हलपर्यंतचा क्लेरिकचा एखादा स्पेल (मंत्र) मिळतो, तोही लाँग रेस्टनंतरच पुन्हा. घाईत असलेले डीएम नेमकं हे कुंपण काढून टाकतात.

उपाय म्हणून पहिल्या सेशनआधी प्रत्येक देवासाठी तीन ओळी लिहा: त्याला काय हवंय, तो स्वतः का येऊ शकत नाही, मदतीच्या बदल्यात काय लागतं. दुसरी ओळ कधीही वगळू नका. १९७८ पासून चालत आलेल्या रूनक्वेस्ट या अशाच खेळाच्या ग्लोरँथा जगात देवांनी केलेल्या करारामुळे त्यांना काळाच्या आत मोकळेपणानं वागता येत नाही, म्हणून त्यांची कामं भक्तांना करावी लागतात. त्या एका कारणानं खेळाडूंना केवढं महत्त्व येतं!

तिसऱ्या ओळीसाठी नवस वापरा. काय फेडणार आणि कधीपर्यंत, हे रोलच्या आधी खेळाडूकडून कागदावर घ्या. नवस थकला तर क्लेरिकचे स्पेल काढून घेऊ नका, त्यानं खेळाडू हात बांधून बसतो. आधी देवळातला गुरव विचारणा करेल, मग तिथले उपचार बंद होतील, मग त्याच देवाचे दुसरे भक्त वसुलीला येतील. तीन पायऱ्या पुरतात.

कौलानं रहस्य फुटतं

नवव्या लेव्हलला क्लेरिकला कम्यून हा देवाला प्रश्न विचारायचा स्पेल मिळतो आणि डीएम घाबरून "देव गप्प आहे" म्हणतो. ही फसवणूक आहे. स्पेल नीट वाचा: एका मिनिटात तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. देव सर्वज्ञ असेलच असं नाही, त्यामुळे "अस्पष्ट" हेही उत्तर चालतं. लाँग रेस्टआधी पुन्हा टाकला तर उत्तर न मिळण्याची शक्यता दर वेळी २५ टक्क्यांनी वाढते. ऑगरी हा दुसरा स्पेल तर फक्त पुढच्या अर्ध्या तासातल्या कामाबद्दल शुभ-अशुभ सांगतो. देवळात कौल लावताना पाहिलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. पाकळी उजवी पडेल किंवा डावी, म्हणून प्रश्न तसाच घालावा लागतो. "खुनी कोण?" हा कौलाचा प्रश्नच नाही. सगळं रहस्य एका नावावर उभं करू नका. नाव कळल्यावरही पुरावा गोळा करायचा उरला पाहिजे.

बाकीच्या चुका

देवाला हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) देऊ नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८० च्या एका अधिकृत पुस्तकात झ्यूसला ४०० दिले होते. आकडा दिसला की खेळाडू तो शून्यावर आणायच्या मागे लागतात. आकडे देवाच्या दूताला द्या.

त्याच पुस्तकात इंद्र, अग्नीही होते. घरची देवता नावानिशी टेबलावर आणू नये, हे आमचं ठाम मत. समोर बसलेल्याची ती कुलदेवी असते. नाव सोडा, रचना घ्या. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं आधी चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत पोचतात. तळघराचं दार तसंच तीन संध्याकाळी टप्प्याटप्प्यानं उघडू द्या. ढग आले तर संधी गेली, आणि शत्रूला ढग आणता येत असतील तर अख्खा सेशन तयार.

तीस देवांची यादी करू नका. गावाचा एक, त्याच्याशी वैर असलेला एक आणि आता कुणी पूजत नाही असा एक, एवढे बास.

मेलेला असुर पुसून टाकू नका. अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुरानं मरताना आपलं नाव राहावं असं मागून घेतलं, ते कोल्हापूरला आहे.

देवांची चांगला-वाईट अशी वाटणीही करू नका. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की भक्त त्यात स्नानाला येतात. त्याच पाण्यात कुणाचा तरी ऊस बुडालेला असतो. तुमच्या नदीच्या देवीचा क्लेरिक त्या शेतकऱ्याच्या दारात उभा करा आणि शेतकऱ्याला बोलू द्या.