मत्स्यालयात लाल-गुलाबी वनस्पती कशा वाढवाव्यात

दुकानातल्या टाकीत गर्द लाल दिसणारी वनस्पती घरच्या टाकीत महिन्याभरात फिकट हिरवी पडली, की बहुतेक जण प्रथम अधिक प्रखर दिवा विकत आणतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पानांना लाली आणणारे अँथोसायनिन हे रंगद्रव्य तेजस्वी प्रकाशात अधिक तयार होते हे खरे. परंतु ज्या झाडाची वाढच खुंटलेली आहे, त्याच्यावर प्रकाश वाढवला तर रंग येण्याऐवजी पानांवर शेवाळ चढते. म्हणून आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड, त्यानंतर खत आणि सर्वांत शेवटी प्रकाश, असा क्रम ठेवावा.

मुंबई-पुण्याचे धरणांतून येणारे नळाचे पाणी सहसा मृदू असते आणि क्लोरीन काढून टाकल्यावर ते बहुतेक वनस्पतींना मानवते. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी मात्र अनेकदा जड असते. अशा ठिकाणी केवळ टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर, न विसंबता कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, मोजण्याचे किट वापरावे. केएच 8 अंशांच्या वर असेल तर निम्मे आरओचे पाणी मिसळावे. येथे शुद्ध केलेले पाणी अभिप्रेत आहे, यंत्रातून टाकून दिले जाणारे नव्हे, कारण ते मूळ पाण्याहूनही जड असते. मूळची दक्षिण भारतातील रोटाला मॅक्रांड्रा या बाबतीत फार नाजूक आहे. नवशिक्यांनी तिच्यापासून सुरुवात करू नये. लुडविजिया ‘सुपर रेड’ आणि रोटाला रोटुंडिफोलिया या दोन जाती पुष्कळ सोशिक आहेत, आणि सहा जातींच्या दोन-दोन काड्या लावण्यापेक्षा या दोहोंचे दाट झुपके कितीतरी शोभून दिसतात.

रोपवाटिकेतील बरीच रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यामुळे टाकीत लावल्यावर त्यांची जुनी पाने गळू लागली, तर घाबरून जाऊ नये. शेंड्याकडून येणारी नवी पाने निरोगी आहेत ना, एवढेच पाहावे. लावताना खालच्या दोन-तीन पेरांवरची पाने काढून प्रत्येक काडी लांब चिमट्याने स्वतंत्रपणे, मधे बोटभर अंतर सोडून रोवावी. दुकानातून आलेली जुडी स्पंज आणि शिशाच्या पट्टीसह तशीच खोचली, तर आतल्या काड्या हमखास कुजतात.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून देणार असाल, तर दिवा लागण्यापूर्वी तासभर तो सुरू करावा. टाकीत बसवायच्या ड्रॉप चेकरमध्ये, म्हणजे या वायूचे प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या छोट्या काचपात्रात, केएच 4 अंशांचे द्रावण आणि निर्देशक घातला, की हिरवा रंग साधारण प्रतिलिटर 30 मिलिग्रॅम प्रमाण दाखवतो. निळा रंग कमतरतेचा आणि पिवळा अतिरेकाचा. हा रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे वायूचे प्रमाण हळूहळूच वाढवावे, आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर वायू तत्काळ बंद करून पाणी खळबळते ठेवावे.

खतांच्या बाबतीत महाराष्ट्रातील हौशी मंडळींची एक मोठी सोय आहे. द्राक्षबागायतदार वापरतात ते 13:00:45 (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 00:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात. 60 लिटर पाण्यात 1 ग्रॅम 13:00:45 घातल्यास नायट्रेट प्रतिलिटर सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढते, तर 00:52:34 चे 0.1 ग्रॅम एका आठवड्यासाठी पुरते. इतके कमी वजन घरी नेमके होत नाही, म्हणून 1 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले 10 मिलिलिटर वापरावे. 19:19:19 किंवा 12:61:00 मात्र टाकीत कधीही घालू नये. त्यांतील अमोनियायुक्त नत्र माशांच्या जिवावर बेतू शकते. सूक्ष्म अन्नद्रव्ये मत्स्यालयासाठी बनवलेलीच घ्यावीत, कारण शेतीच्या मिश्रणातील तांबे कोळंबीला मारक ठरू शकते. नुसते लोह वाढवले की झाड लाल होते, हा समज फार पसरलेला आहे. लोहाची उणीव असेल तर नवी पाने पिवळट पडतात आणि ती भरून काढायलाच हवी, पण ती नसताना जादा लोहाने लाली वाढत नाही. रोटाला रोटुंडिफोलियाच्या लाल प्रकारांना उलट नायट्रेट थोडे कमी, प्रतिलिटर 5 ते 10 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवल्यास अधिक गडद रंग येतो. लुडविजियाला तशा उपासमारीची गरज नसते.

झाडे आठवड्याला दिसेल इतकी वाढू लागली, की मगच प्रकाशाकडे वळावे. दिवा रोज 6 तासांपासून सुरू करून 8 तासांपर्यंत न्यावा आणि तीव्रता दर आठवड्याला थोडी वाढवावी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी 30 अंशांच्या वर जाते तेव्हा हा कालावधी पुन्हा कमी करावा. उष्ण पाण्यात वायू कमी विरघळतो आणि शेवाळ फोफावते.

खरा झुपका घडतो तो छाटणीने. शेंडे पृष्ठभागाला टेकण्यापूर्वीच, पेराच्या किंचित वर, धारदार कात्रीने कापावेत. रोटुंडिफोलिया आणि लुडविजिया यांच्या उरलेल्या बुंध्यांना प्रत्येकी दोन किंवा अधिक फुटवे येतात आणि झुपका दाट होत जातो. मॅक्रांड्राचे बुंधे मात्र अनेकदा रुसतात, तेव्हा तिचे सशक्त शेंडेच पुन्हा लावावेत. तीन-चार छाटण्यांनंतर सावलीतला खालचा भाग उघडा आणि तपकिरी दिसू लागला, की सगळे बुंधे उपटून त्या जागी ताजे शेंडे रोवावेत आणि त्याच दिवशी निम्मे पाणी बदलावे, कारण उपटताना तळातला बराच गाळ वर येतो.